कंट्रोल लूप शिकायचा तर कंट्रोलर सगळ्यात शेवटी उघडा

प्रश्न असा आहे: इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी झाली, प्रोसेस प्लँटमध्ये नुकतीच नोकरी लागली, पीआयडीचं (कंट्रोलर ज्या सूत्राने आउटपुट ठरवतो त्याचं) समीकरण पाठ आहे. पण कंट्रोल रूममध्ये बसलं की पडद्यावरच्या आकड्यांतून काही उलगडत नाही, आणि वरिष्ठ सहज म्हणून जातात, "तो लूप जरा ट्यून करून टाक." मग सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या क्रमाच्या उलट आहे. पीआयडी बाजूला ठेवा. लूप बिघडला की नवीन माणूस सर्वांत आधी ट्यूनिंगचे, म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंगचे, आकडे बदलायला जातो, कारण ते खुर्चीत बसून बदलता येतात. दोष मात्र पुष्कळदा मोजमापात असतो, व्हॉल्व्हमध्ये असतो, नाहीतर प्रोसेसच्या स्वभावातच असतो. हे तिन्ही तपासून झाल्यावर कंट्रोलरकडे वळायचं.

एकच उदाहरण धरून चालू. एका हीट एक्स्चेंजरमध्ये वाफेने एक द्रव तापवायचा आहे आणि बाहेर पडताना त्याचं तापमान ८० अंश सेल्सिअस हवं आहे. बाहेरच्या पाइपमध्ये तापमानाचा सेन्सर, त्याला जोडलेला ट्रान्समीटर, तिथून सिग्नल कंट्रोलरकडे, कंट्रोलरचं आउटपुट वाफेच्या कंट्रोल व्हॉल्व्हकडे. वाफ कमीजास्त झाली की तापमान बदलतं आणि सेन्सर पुन्हा ते कळवतो. हे वर्तुळ पूर्ण होतं म्हणून याला लूप म्हणायचं. पडद्यावर त्याचे तीन आकडे दिसतात: पीव्ही म्हणजे आत्ता मोजलेलं तापमान, एसपी (सेट पॉइंट) म्हणजे हवं असलेलं, आणि ओपी म्हणजे कंट्रोलर व्हॉल्व्हला देत असलेला टक्का. टॅगवर (उपकरणाच्या नावाच्या खुणेवर) टीआयसी लिहिलेलं असेल तर पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं (टी तापमान, पी दाब, एफ फ्लो, एल लेव्हल), पुढची अक्षरं ते उपकरण काय करतं ते. ड्रॉइंग वाचायला तूर्तास एवढं पुरतं.

आता मोजमाप. ट्रान्समीटरकडून येणारा सिग्नल बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलीअँपिअरचा असतो. शून्यापासून का नाही? कारण वायर तुटली तर करंट शून्य होतो. शून्य हेच शून्य अंशाचं चिन्ह असतं, तर तुटलेली वायर आणि थंड द्रव यांत फरक करता आला नसता. शिवाय टू-वायर ट्रान्समीटर स्वतःच्या कामासाठी लागणारी वीज त्या पहिल्या ४ मिलीअँपिअरमधूनच भागवतो. समजा आपल्या ट्रान्समीटरची रेंज ० ते २०० अंश आहे. ८० अंश म्हणजे ४० टक्के, म्हणून करंट ४ अधिक १६ चे ४० टक्के, म्हणजे १०.४ मिलीअँपिअर. हा हिशेब तोंडी करता यायला हवा. मल्टिमीटरवर १०.४ दिसतंय आणि पडद्यावर ६० अंश, तर ट्रान्समीटर बदलायला धावू नका. डीसीएसमध्ये (प्लँट चालवणाऱ्या संगणक-प्रणालीत) कुणीतरी रेंज ० ते १५० टाकून ठेवली आहे.

फ्लोच्या बाबतीत आणखी एक नेहमीचा सापळा आहे. ऑरिफिस प्लेटवरचा (फ्लो मोजायला पाइपमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीवरचा) दाबातला फरक फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कुठेतरी वर्गमूळ काढावं लागतं. ते ट्रान्समीटरमध्ये काढा किंवा डीसीएसमध्ये. दोन्हीकडे काढलं गेलं तर खरा फ्लो निम्मा असताना पडद्यावर ७१ टक्के दिसतात. गंमत म्हणजे पूर्ण फ्लोला खरा आणि पडद्यावरचा हे दोन्ही आकडे बरोबर जुळतात, त्यामुळे ही चूक प्लँट जोरात चालू असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि फार शांत दिसणाऱ्या ट्रेंडवर संशय घ्यायला शिका. चालू प्लँटमधला खरा फ्लो किंवा दाब थोडा तरी थरथरतो. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) चोक झाली असेल, ट्रान्समीटर अडकला असेल, किंवा कुणी फिल्टर एवढा वाढवून ठेवला असेल की पडद्यावर दिसतंय ते प्रोसेसचं रूप राहिलेलंच नाही. मोजमापावर आंधळा विश्वास किती महाग पडतो याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या रिफायनरीचं आहे. २३ मार्च २००५ रोजी तिथे एक युनिट सुरू करताना १७० फूट उंचीचा टॉवर द्रवाने भरत गेला. लेव्हल ट्रान्समीटर फक्त तळाचे काही फूट मोजू शकत होता आणि त्याचं कॅलिब्रेशनही चुकलेलं होतं. टॉवर भरत असताना पडद्यावरची लेव्हल हळूहळू खाली येताना दिसत होती. हाय लेव्हलचा जो वेगळा स्विच होता तोही चालला नाही. स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर लेव्हल कमी होणं शक्यच नव्हतं. ही सवय आजपासून लावा: एका उपकरणाचं म्हणणं दुसऱ्या उपकरणाकडून पडताळून घ्या.

मोजमाप ठीक आहे असं समजू. पुढचा संशयित व्हॉल्व्ह, आणि माझ्या मते नवख्यांकडून सर्वांत दुर्लक्षित राहणारा. पूर्ण लूपमध्ये सतत हलणारा यांत्रिक भाग हा एवढाच. पॅकिंग (स्टेमभोवतीचं गळती थांबवणारं भरण) घट्ट आवळलं गेलं, स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) मळ साचला, पोझिशनर (व्हॉल्व्हला सांगितलेल्या जागी नेणारं उपकरण) ढिला झाला की व्हॉल्व्ह अडकतो. कंट्रोलर आउटपुट वाढवत राहतो, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो आणि हवं त्यापुढे निघून जातो. आता कंट्रोलर उलट दिशेने ढकलू लागतो, पुन्हा तेच. ट्रेंडवर आउटपुट करवतीच्या दातांसारखं दिसतं आणि फ्लो चौकोनी पायऱ्यांसारखा. हा आकार एकदा ओळखीचा झाला की लांबून ओळखता येतो. असा लूप ट्यूनिंगने सुधारत नाही. इंटिग्रल कमी केलात तर दोन उड्यांमधलं अंतर वाढेल, उड्या राहतीलच.

खात्री करायची सोपी पद्धत अशी. पॅनेल ऑपरेटरला विचारून (विचारल्याशिवाय कधीच नाही) लूप मॅन्युअलला टाका, म्हणजे आउटपुट कंट्रोलर नाही तर माणूस देईल, आणि आउटपुट स्थिर ठेवा. हेलकावे थांबले तर त्यांचं मूळ याच लूपमध्ये आहे, म्हणजे व्हॉल्व्ह नाहीतर ट्यूनिंग. चालूच राहिले तर ते बाहेरून येताहेत: वाफेच्या हेडरचा दाब हलतोय, पंप दमतोय, शेजारचा लूप हंटिंग करतोय (सतत वरखाली होतोय). हेलकावे थांबले असतील तर मॅन्युअलमध्येच आउटपुट १ टक्क्याने वाढवा, थांबा, पुन्हा १ टक्का, पुन्हा थांबा, मग तशाच पायऱ्यांनी खाली या. चौथ्या पायरीला व्हॉल्व्ह हलला, तर तो किती अडकतो हे आकड्यात कळलं. मेंटेनन्सला वर्क ऑर्डर देताना "व्हॉल्व्ह खराब वाटतो" असं लिहिण्यापेक्षा "४ टक्के हलवेपर्यंत प्रतिसाद नाही" असं लिहिलं की काम लवकर होतं, हा अनुभव.

त्याच वेळी व्हॉल्व्ह साधारण किती उघडा असतो तेही बघा. कायम ६–८ टक्क्यांवर चालणारा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा बसवला आहे. सीटजवळ, म्हणजे बंद होण्याच्या जागेजवळ, तो नीट नियंत्रण करूच शकत नाही. कायम ९५ टक्क्यांवर असलेल्या व्हॉल्व्हकडे कंट्रोल करायला जागाच उरलेली नाही. आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली तर हा व्हॉल्व्ह उघडा राहतो की बंद होतो? वाफेचा सहसा बंद होईल असा निवडतात, थंड पाण्याचा उघडा राहील असा. आणि पडद्यावर आउटपुट १०० म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा की पूर्ण बंद? दोन्ही प्रकारचे प्लँट अस्तित्वात आहेत, आणि रात्रपाळीत घाईघाईने हा शोध लागण्यात मजा नाही.

आता प्रोसेसचा स्वभाव. लूप मॅन्युअलमध्ये, प्लँट स्थिर. व्हॉल्व्ह ४० वरून ४५ टक्के करा आणि तापमानाचा ट्रेंड बघत बसा. समजा पहिले २० सेकंद काहीच झालं नाही. मग तापमान चढू लागलं, आधी वेगाने, मग मंद, आणि शेवटी ८० चं ८६ वर जाऊन स्थिरावलं. या एका चाचणीतून तीन आकडे मिळतात. काहीच न घडण्याचे २० सेकंद हा डेड टाइम. एकूण बदल ६ अंश, म्हणजे रेंजच्या ३ टक्के, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह हलला ५ टक्के, म्हणून प्रोसेस गेन ०.६. एकूण बदलाच्या ६३ टक्के, म्हणजे सुमारे ३.८ अंश, चढायला हालचाल सुरू झाल्यापासून जेवढा वेळ लागला तो टाइम कॉन्स्टंट. समजा ८० सेकंद. चाचणी एकदाच करून थांबू नका. वर एकदा, खाली एकदा करा आणि आकडे जुळतात का बघा.

या तिघांत खरा शत्रू डेड टाइम. त्या काळात कंट्रोलरला आपल्या कृतीचा परिणाम दिसतच नाही, त्यामुळे तो घाईचा असेल तर परिणाम दिसण्याआधीच आणखी वाफ सोडून बसतो. टाइम कॉन्स्टंट मोठा असणं त्रासाचं नाही, लूप फक्त संथ होतो. डेड टाइम टाइम कॉन्स्टंटच्या जवळपास किंवा त्याहून मोठा झाला की साधा पीआयडी सावधच चालवावा लागतो. म्हणून सेन्सर कुठे बसवला आहे हे जाऊन बघा. एक्स्चेंजरपासून बरंच दूर, तीन वळणांनंतर असेल, तर तो जवळ आणण्याने जेवढा फायदा होईल तेवढा कोणत्याही ट्यूनिंगने होणार नाही.

इथवर आलात की पीआयडी सोपा वाटतो. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसाठी हे गणित मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर सुकाणू धरणारा माणूस होता: तो आत्ताची चूक बघतो, बराच वेळ राहिलेली चूक ध्यानात ठेवतो आणि जहाज किती वेगाने वळतंय तेही बघतो. चांगला पॅनेल ऑपरेटर मॅन्युअलमध्ये हेच करतो. त्याच्या शेजारी बसून बघा, पी, आय आणि डी तिन्ही त्याच्या हातात दिसतील.

पी म्हणजे चूक (एसपी आणि पीव्हीतला फरक) जेवढी, तेवढ्या प्रमाणात ढकलणं. एकट्या पीची अडचण आपल्या उदाहरणात मोजूनच पाहू. ८० अंशाला व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा आहे, कंट्रोलरचा गेन २ (१ टक्का चुकीला २ टक्के आउटपुट). आत येणारा द्रव अचानक थंड झाला आणि आता ८० अंश टिकवायला व्हॉल्व्ह ५० टक्के हवा. पण चूक शून्य असताना पी फक्त मूळचे ४० टक्केच देतो. जास्त द्यायचं तर चूक शिल्लक राहिली पाहिजे. वरचा ०.६ गेन धरून हिशेब केला तर व्हॉल्व्ह साधारण ४५.५ टक्क्यांवर अडकतो आणि तापमान सुमारे साडेपाच अंश खाली राहतं, कायमचं. यालाच ऑफसेट म्हणतात. आय म्हणजे इंटिग्रल ही शिल्लक चूक जमा करत जातो आणि ती शून्य होईपर्यंत आउटपुट हलवत राहतो. ऑफसेट जातो, मात्र लूप थोडा अस्थिरतेकडे सरकतो. डी, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, बदलाच्या वेगाकडे बघतो. संथ तापमानाच्या लूपमध्ये तो उपयोगी पडतो. फ्लोसारख्या थरथरत्या सिग्नलवर लावला तर व्हॉल्व्ह नुसता धडधडत राहील. प्लँटमधले बहुतेक लूप पीआयवरच चालतात, आणि डी शून्य ठेवण्यात कमीपणा नाही.

आकडे काढायचे तर १९४२ ची झिग्लर-निकोल्स पद्धत सगळ्यांना शिकवली जाते. पण तिचं उद्दिष्टच असं की प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या चौथाईवर यावा. चालू प्लँटला हे सहसा फार आक्रमक ठरतं, आणि तिच्या एका प्रकारात लूप मुद्दाम अखंड हेलकावत ठेवावा लागतो, ज्याला कुठलाही शिफ्ट इनचार्ज परवानगी देणार नाही. मी लॅम्डा पद्धत सुचवेन. लूपने किती वेळात सावरावं हे तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला डेड टाइमच्या तिप्पट घ्या, इथे ६० सेकंद. मग कंट्रोलर गेन म्हणजे टाइम कॉन्स्टंट भागिले [प्रोसेस गेन गुणिले (६० अधिक डेड टाइम)]. म्हणजे ८० भागिले ४८, साधारण १.६७. इंटिग्रल टाइम (जेवढा मोठा, तेवढा आय संथ) टाइम कॉन्स्टंटएवढाच, ८० सेकंद. झालं. फार हळू वाटलं तर तो ६० चा आकडा थोडा कमी करा, बाकी काही न हलवता.

हे आकडे टाकण्यापूर्वी तुमची सिस्टीम काय मागते ते वाचा. कुठे गेन असतो, कुठे प्रपोर्शनल बँड, आणि बँड म्हणजे १०० भागिले गेन, १.६७ गेन म्हणजे ६० टक्के बँड. एकात आकडा वाढवला की लूप तापट होतो, दुसऱ्यात थंड. इंटिग्रलही कुठे सेकंदात, कुठे मिनिटात, तर कुठे दर मिनिटाला किती रिपीट अशा उलट्या मापात. आणि जुने आकडे, तारीख आणि कारण वहीत लिहिल्याशिवाय नवे टाकू नका.

लेव्हलच्या लूपला वरचं बरंचसं लागू होत नाही. टाकीत येणारं आणि जाणारं जरा जरी वेगळं असलं तरी लेव्हल कुठेही स्थिरावत नाही, ती भरत किंवा रिकामी होतच राहते. इथे एक गोष्ट अगदी उलटी घडते आणि ती फार जणांना पटत नाही. लेव्हल संथपणे, लांब लांब हेलकावे घेत असेल तर माणूस स्वाभाविकपणे गेन कमी करतो. हेलकावे आणखी मोठे होतात. पुन्हा कमी करतो, आणखी बिघडतं. कारण टाकी स्वतःच जमा करणारी आहे आणि कंट्रोलरचा इंटिग्रलही जमा करणारा. दोघांच्या मध्ये आवर घालणारा एकटा पीच. तो दुबळा केला की दोघं एकमेकांना झुलवत बसतात. अशा वेळी गेन वाढवा, किंवा इंटिग्रल टाइम भरपूर वाढवा. आणि ती सर्ज टाकी असेल, म्हणजे मागच्या युनिटचे धक्के पुढे जाऊ नयेत म्हणूनच बसवलेली, तर तिची लेव्हल ५० टक्क्यांवर खिळवण्याचा हट्ट सोडा. लेव्हल हलू द्या, पुढचा फ्लो शांत राहू द्या. ५० वर आखीव रेघ दाखवणारी सर्ज टाकी काहीच काम करत नसते.

वाइंडअपबद्दल थोडक्यात. वाफेचा व्हॉल्व्ह १०० टक्के उघडूनही तापमान चढत नसेल तर इंटिग्रल आतल्या आत चूक जमा करत राहतो. नंतर तापमान वर गेलं तरी तो साठा रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद व्हायला लागत नाही. आधुनिक सिस्टीममध्ये यावर सोय असते, पण ती चालू आहे का आणि कॅस्केडमध्ये (एक लूप दुसऱ्याला सेट पॉइंट देतो अशा जोडणीत) नीट जोडली आहे का हे बघावं लागतं.

अलार्म आणि इंटरलॉक हे कंट्रोलचे भाग वाटतात, पण त्यांचं काम वेगळं. कंट्रोल लूप प्लँट रोज चालवतो. इंटरलॉक तो हाताबाहेर गेला की थांबवतो. म्हणून इंटरलॉकचा सेन्सर आणि लॉजिक शक्यतो वेगळं असतं; एकाच ट्रान्समीटरवर दोन्ही टांगले तर तो चुकला की दोन्ही एकदम चुकतात. इंटरलॉक बायपास करण्याची लेखी पद्धत असते आणि नवख्याने तिला तोंडी पर्याय स्वीकारू नये, सांगणारा कितीही वरिष्ठ असो. अलार्मचं म्हणाल तर ज्यावर ऑपरेटरला काहीच करायचं नसतं तो अलार्म नसावाच. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या रिफायनरीत जुलै १९९४ मध्ये स्फोट झाला, त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्यांतला महत्त्वाचा कोणता हे कुणाला कळणार?

साधे लूप हातात बसले की कॅस्केडकडे वळा. आपल्या उदाहरणात वाफेचा दाब हलला तर तापमान बिघडल्यावरच कंट्रोलरला कळतं. म्हणून वाफेच्या फ्लोचा वेगळा आतला लूप करतात आणि तापमानाचा बाहेरचा लूप त्याला सेट पॉइंट देतो. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान तीन ते पाच पट वेगवान असला तरच याचा उपयोग, नाहीतर दोघं भांडतात. ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: बाहेरचा मॅन्युअलला ठेवून आधी आतला ट्यून करा, तो कॅस्केडला टाका, आणि त्यानंतर बाहेरच्याची बंप टेस्ट (वर केलेली आउटपुट हलवून बघण्याची चाचणी) नव्याने घ्या, कारण आता तो व्हॉल्व्ह हलवत नाही, फ्लोचा सेट पॉइंट हलवतो आहे. जुना ०.६ चा गेन इथे चालणार नाही.